मुलांची आंतरराष्ट्रीय आइस हॉकी स्पर्धा नेमकी चालते कशी?

घणसोलीच्या एका पालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी बारा वर्षांची, इनलाइन हॉकी, म्हणजे चाकांच्या स्केटवर फरशीवर खेळायची हॉकी खेळते. क्लब एप्रिलमध्ये चेक प्रजासत्ताकात १२ वर्षांखालील गटाच्या आइस हॉकी स्पर्धेला संघ नेणार आहे. माहितीपत्रकात गट, स्लॉट, रोस्टर, टायब्रेक असं बरंच काही लिहिलंय, पण त्यातून उलगडा होत नाही. किती सामने मिळतात, पहिल्या दिवशी हरलो तर परत फिरायचं का, नियम कुठले, कागदपत्रं कुठली, आणि याला ‘भारताकडून खेळणं’ म्हणायचं का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण ठाणे-नवी मुंबईत सर्वांत जास्त गैरसमज त्याचाच आहे. नाही, याला भारताकडून खेळणं म्हणत नाहीत. देशाचा संघ पाठवण्याचा अधिकार राष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे आइस हॉकी असोसिएशन ऑफ इंडियाचा. भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा, म्हणजे आयआयएचएफचा सदस्य आहे. आयआयएचएफच्या वयोगटातल्या जागतिक स्पर्धा १८ आणि २० वर्षांखालच्या. तिथे देशांच्या श्रेणी असतात, श्रेणीत पहिला आलेला संघ वर चढतो, शेवटचा खाली उतरतो. बारा वर्षांच्या मुलांसाठी आयआयएचएफची जागतिक स्पर्धाच नाही. तुमची मुलगी जाणार आहे ती क्लबांची निमंत्रित स्पर्धा. तिथे ‘आंतरराष्ट्रीय’चा अर्थ वेगवेगळ्या देशांचे क्लब येतात, एवढाच.

म्हणून ती हलकी ठरत नाही. कॅनडातल्या क्युबेक शहरात १९६० पासून दर फेब्रुवारीत भरणारी पीवी, म्हणजे साधारण ११-१२ वर्षांच्या मुलांची, स्पर्धा अशीच क्लबांची आहे. शंभरावर संघ येतात, बरीच मुलं स्थानिक कुटुंबांकडे उतरतात, आणि पुढे व्यावसायिक हॉकीत नाव काढलेले कित्येक खेळाडू लहानपणी तिथे खेळून गेले आहेत. मात्र क्लबच्या जर्सीवर ‘इंडिया’ छापून पालकांकडून जास्त पैसे घेतले जात असतील, तर ते चूक आहे आणि तसं स्पष्ट विचारा. दहावीच्या क्रीडागुणांसाठी याचा उपयोग होईल असं कुणी सांगितलं, तर पैसे भरण्याआधी ठाण्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात स्पर्धेचं पत्रक दाखवून खात्री करून घ्या.

आता मूळ विषय. या स्पर्धांचे नियम वाचताना एक गोष्ट धरून ठेवा: सगळ्यात महाग वस्तू म्हणजे बर्फावरची वेळ. सामना लहान का, पिरियडच्या, म्हणजे सामन्याच्या तीन भागांच्या, मध्ये विश्रांती का नाही, घड्याळ मध्येच न थांबता का पळतं, सकाळी सातला सामना का, या सगळ्याचं उत्तर तिथेच आहे.

हिशोब करून पाहू. एक रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, सकाळी ७ ते रात्री १० चालला तर ९०० मिनिटं मिळतात. एका सामन्याचा स्लॉट ७५ मिनिटांचा धरला तर दिवसाला १२ सामने बसतात. १६ संघ आले, चार-चारचे चार गट केले, तर प्रत्येक गटात ६ असे गटातले २४ सामने होतात. त्यानंतर पहिल्या आठ आणि शेवटच्या आठ संघांच्या बाद फेऱ्या वेगळ्या लावतात. त्यात हरलेलेही पुढे खेळतात आणि पहिल्यापासून सोळाव्यापर्यंत प्रत्येक क्रमांक सामन्याने ठरतो. असे आणखी २४. एकूण ४८ सामने, म्हणजे एका रिंकवर चार दिवस, आणि प्रत्येक संघाला सहा सामने. मुलांच्या चांगल्या स्पर्धांचा साचा हाच असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी हरून परत फिरायचा प्रश्न येत नाही. पत्रकात ‘हमखास सामने’ किती दिले आहेत तो आकडा शोधा. इतक्या लांब जाऊन तीनच सामने मिळणार असतील, तर माझ्या मते जाऊ नये. पाच किंवा सहा हवेत.

स्लॉटची ७५ मिनिटं खर्च होतात ती अशी. सराव ३ ते ५ मिनिटं. मग तीन पिरियड. मोठ्यांच्या सामन्यात पिरियड २० मिनिटांचा, शिट्टी झाली की घड्याळ थांबतं, आणि मध्ये १५-१५ मिनिटांची विश्रांती. मुलांकडे पिरियड १२ किंवा १५ मिनिटांचा आणि मध्ये जेमतेम एक-दोन मिनिटं, पाणी प्यायचं आणि परत उतरायचं. घड्याळ थांबतं की पळतं हे पत्रकात बघाच. थांबत्या घड्याळाची १२ मिनिटं प्रत्यक्षात वीसच्या आसपास जातात. पळत्या घड्याळाची १५ ही पंधराच. बऱ्याच ठिकाणी पाच-सहा गोलांचा फरक पडला की थांबतं घड्याळ पळतं करतात, आणि वेळ हाताबाहेर चालली तर शेवटचा पिरियड कापतात.

उरलेली दहा-बारा मिनिटं झांबोनीची. हे यंत्र फ्रँक झांबोनी यांनी १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात बनवलं. ते बर्फाचा खरवडलेला थर कापून उचलतं आणि मागे गरम पाण्याचा पातळ थर सोडत जातं. गरम पाणी अशासाठी, की ते ब्लेडच्या चऱ्यांमध्ये मुरतं, जुन्या बर्फाशी एकजीव होतं आणि पृष्ठभाग गुळगुळीत गोठतो. झांबोनी बाहेर गेली की लगेच उतरायचं नाही. पाणी चकाकत असेपर्यंत थांबायचं. ओल्या बर्फावर पक, म्हणजे चेंडूऐवजी असणारी रबरी चकती, अडखळतो आणि मुलं सरावातच पडतात. पिरियडच्या मध्ये झांबोनी फिरत नसेल तर तिसऱ्या पिरियडला बर्फावर चुरा साचलेला असतो. तेव्हा लांब पास अर्ध्यातच थांबतात. इनलाइनच्या गुळगुळीत फरशीवर शिकलेल्या मुलांना हे आधी सांगून ठेवा: शेवटच्या पिरियडमध्ये पास जोरात आणि जवळच द्यायचा.

गुणांची पद्धत बहुतेक ठिकाणी आयआयएचएफची: नियमित वेळेत जिंकलं तर ३, जादा वेळेत किंवा शूटआउटवर जिंकलं तर २, तसं हरलं तर १, नियमित वेळेत हरलं तर ०. काही स्पर्धा अजून २-१-० देतात आणि गटात बरोबरी मान्य करतात. खरी डोकेदुखी गुण सारखे झाल्यावर सुरू होते. पत्रकातला ‘टायब्रेक’ तो हाच. क्रिकेटच्या नेट रनरेटची सवय असल्याने आपल्याकडे सगळे धरून चालतात की एकूण गोलफरक बघतील. आयआयएचएफ तसं करत नाही. आधी फक्त बरोबरीतल्या संघांचे आपापसातले सामने घेतात: त्यातले गुण, मग त्यातला गोलफरक, मग त्यातले गोल.

फरक किती पडतो ते पाहा. गटात ठाणे, ‘क’, ‘ख’ आणि ‘ग’ असे चार संघ आहेत. ठाण्याने ‘क’ला ४-३ हरवलं, ‘क’ने ‘ख’ला ५-२, ‘ख’ने ठाण्याला ३-२. ‘ग’ कच्चा संघ. त्याच्याविरुद्ध ठाणे ९-०, ‘क’ २-१, ‘ख’ ६-० असे जिंकले. तिघांचेही सहा-सहा गुण. आपापसातला गोलफरक काढला तर ‘क’ अधिक २, ठाणे शून्य, ‘ख’ उणे २. म्हणजे ‘क’ पहिला, ठाणे दुसरं. एकूण गोलफरक धरला तर ठाणे अधिक ९, ‘ख’ अधिक ४, ‘क’ अधिक ३. आधी पहिला आलेला ‘क’ आता तिसरा. काही स्पर्धा एका सामन्यातला फरक जास्तीत जास्त पाचच धरतात, कच्च्या संघाला चेचू नये म्हणून. मग ठाणे अधिक ५, आणि ‘क’ आणि ‘ख’ दोघेही अधिक ३. आता या दोघांसाठी परत पहिल्या निकषाकडे जायचं की पुढच्या निकषाकडे? ते नियमावलीत लिहिलेलं नसेल तर रिंकवर भांडण ठरलेलं. आणि ठाण्याचा तो ४-३ विजय जादा वेळेत आला असता तर बरोबरीच झाली नसती: ‘क’ ७, ‘ख’ ६, ठाणे ५.

प्रशिक्षकांना हा निकष पहिल्या सामन्याआधी पाठ हवा. शेवटची दोन मिनिटं, एका गोलाने मागे, अशा वेळी गोलीला, म्हणजे गोलरक्षकाला, बाहेर काढून सहावा खेळाडू उतरवायचा का, हे त्यावरच ठरतं. आपापसातला गोलफरक मोजला जाणार असेल तर रिकाम्या जाळीत बसलेला एक गोल संघाला गटात दोन पायऱ्या खाली नेऊ शकतो.

वयोगटाचं नाव बघून फसू नका, जन्मसाल बघा. कॅनडातला ‘१३ वर्षांखालील’ आणि अमेरिकेतला ‘१२ वर्षांखालील’ हे एकाच मुलांचे गट आहेत. २०२५-२६ च्या हंगामात दोन्हीकडे २०१३ आणि २०१४ सालची मुलं. युरोपात बऱ्याचदा गट थेट जन्मसालाने लिहितात. तसंच पातळीचं. अर्जात संघाचा दर्जा विचारतात, तिथे खरं लिहा. वर्षभर आठवड्याला तीन-चार वेळा बर्फावर असणाऱ्या मुलांसमोर, ज्यांना बर्फ वर्षातून काही आठवडेच मिळतो अशी मुलं पहिल्या दर्जात उतरवली तर १५-० असे निकाल लागतात आणि त्यातून कुणीच काही शिकत नाही. आयोजकांनाही तसे सामने नको असतात. खालच्या दर्जात जागा मागण्यात कमीपणा नाही.

बर्फाची अडचण आपल्या भागात खरीच आहे. ठाणे-नवी मुंबईत पूर्ण मापाचा, म्हणजे सुमारे ६० मीटर लांब आणि २६ ते ३० मीटर रुंद रिंक नाही. देहरादूनला आहे, आणि हिवाळ्यात लेहला. स्पर्धेआधी एक तरी शिबिर पूर्ण मापाच्या बर्फावर झालंच पाहिजे. ते शिबिर नसेल तर क्लबला सहल पुढे ढकलायला सांगा. इनलाइनचं मूल पुढे जायला दोन तासांत शिकतं, त्याची दमछाक होते ती थांबताना. बर्फावर दोन्ही पाय आडवे फिरवून ब्लेडने बर्फ खरवडत थांबायचं असतं. मुलं एकाच बाजूने थांबायला शिकतात आणि सामन्यात दुसऱ्या बाजूला थांबायची वेळ आली की मोठं वळण घेतात, तोवर प्रतिस्पर्धी निघून जातो. शिबिरातला निम्मा वेळ डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी थांबणं आणि थांबल्या जागेवरून सुटणं, यालाच द्यावा.

नियमांतले फरक घरी टेबलावर शिकवता येतात. इनलाइनला मैदानात चार खेळाडू आणि गोली, आइसवर पाच आणि गोली. इनलाइनला निळ्या रेषा नसतात. इथे दोन आहेत, आणि पक निळी रेषा ओलांडण्याआधी आक्रमक खेळाडू पूर्ण आत गेला की ऑफसाइड. दुसरं आइसिंग: मधल्या लाल रेषेच्या अलीकडून मारलेला पक कुणालाही न लागता समोरच्या गोलरेषेपार गेला की खेळ थांबतो आणि फेसऑफ, म्हणजे दोन खेळाडूंमध्ये पक टाकून खेळ परत सुरू करणं, आपल्याच गोलजवळ होतो. नवी मुलं दबावाखाली पक नुसता लांब भिरकावतात आणि तिथेच अडकतात. आपला एक खेळाडू पेनल्टीत, म्हणजे शिक्षा म्हणून बाहेर बसलेला, असताना मात्र आइसिंग सहसा लागत नाही, काही देशांत लहान गटांना तीही सूट नाही. अंगावर धडकून अडवणं, ज्याला बॉडी चेक म्हणतात, ते या वयात बंद असतं; अमेरिकेत १२ वर्षांखालील गटापर्यंत, कॅनडात २०१३ पासून १३ वर्षांखालील गटापर्यंत. चेक प्रजासत्ताकातल्या तुमच्या स्पर्धेचा नियम लेखी मागवून घ्या, कारण हा मुद्दा अंदाजावर सोडायचा नाही.

संघ किती जणांचा हवा? दोन गोली आणि पंधरा खेळाडू, म्हणजे तीन-तीनच्या तीन फॉरवर्ड लाइन आणि बचावाच्या तीन जोड्या. तिकिटांचा खर्च वाचवायला बरेच क्लब दहा खेळाडू आणि एक गोली घेऊन जातात. तिसऱ्या दिवशी ते दिसतं. एक शिफ्ट, म्हणजे खेळाडूने सलग बर्फावर राहण्याची वेळ, ४० ते ५० सेकंदांची असायला हवी. पूर्ण जोर लावायचा आणि बेंचवर यायचं. बेंचवर माणसं कमी असली की शिफ्ट दीड मिनिटावर जाते, पाय जड होतात, दमलेलं मूल स्टिकने अडकवायला बघतं आणि दोन मिनिटांची पेनल्टी ओढवून घेतं. गोली एकच असेल आणि तो तापाने आडवा झाला, तर आयत्या वेळी पॅड बांधून उभं राहायला कुणी तयार नसतं.

यादी, म्हणजे रोस्टर, स्पर्धेआधीच बंद होते. पोहोचल्यावर नोंदणीच्या टेबलावर प्रत्येकाचा पासपोर्ट यादीशी ताडून बघतात. सामन्याआधी गुणपत्रक येतं, त्यावर नाव आणि जर्सी नंबर तपासून प्रशिक्षक सही करतो. ती सही घाईत करायची नाही. यादीत नसलेलं मूल खेळलं तर सामना हरल्याचं धरतात. जर्सीचे दोन संच लागतात, एक फिका आणि एक गडद. वेळापत्रकात ज्याचं नाव आधी तो यजमान, आणि आयआयएचएफच्या पद्धतीत यजमान फिका रंग घालतो.

सामन्याच्या दिवशी तासभर आधी रिंकवर, जेवण अडीच-तीन तास आधी. एप्रिलमध्ये चेकचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. पहिले दोन दिवस मुलं पहाटेच जागी होतात, त्यामुळे सकाळचे सामने चांगले जातात आणि रात्री ८ चा सामना त्यांना साडेअकराचा वाटतो. दोन दिवस आधी पोहोचणं यासाठीच. ड्रेसिंग रूममध्ये मुलांसोबत दोन प्रौढ हवेत, एकटा कधीच नाही, आणि मोबाइल आत नाही. संघ मिश्र असेल तर मुलींच्या कपडे बदलण्याच्या वेगळ्या खोलीची मागणी आधीच ईमेलने करा. जुन्या रिंकवर ऐनवेळी खोली मिळत नाही.

डोक्याला मार लागला आणि मूल गोंधळलेलं, मळमळणारं किंवा डोकं दुखतंय म्हणणारं असेल, तर त्या दिवशी त्याचा खेळ संपला. ‘बरं वाटतंय’ म्हटलं तरी परत उतरवायचं नाही, आणि पुढे डॉक्टरांच्या परवानगीनेच. हे पालक आणि प्रशिक्षक यांच्यात निघण्याआधीच ठरवून टाका, कारण उपांत्य सामन्याच्या बेंचवर ते ठरवणं फार कठीण जातं. चेक प्रजासत्ताकासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, पण साध्या प्रवास विम्यात स्पर्धात्मक खेळातली दुखापत बऱ्याचदा वगळलेली असते. पॉलिसीतलं ते कलम स्वतः वाचा आणि खेळाचं कवच लेखी घ्या.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. संघाने चार महिने आधीच अपॉइंटमेंट घ्याव्यात. बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना बोटांचे ठसे द्यावे लागतात, म्हणजे मुलीला मुंबईतल्या केंद्रावर स्वतः जावं लागेल. आई-वडील दोघांची संमती लागते. जन्मदाखल्यावरचं आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरशः सारखं आहे का ते आजच बघा. महापालिकेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एक आणि पासपोर्टवर दुसरं, यात पुष्कळांचे आठवडे जातात. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. मुदत संपत आली असेल तर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची तारीख आधी घ्या. परदेशी आयोजक राष्ट्रीय संघटनेचं परवानगीपत्र मागू शकतात. ते क्लबने काढायचं असतं, पालकांनी नाही, पण निघालं का ते विचारायचं तुम्ही.

साहित्यात पूर्ण जाळीचं हेल्मेट, माउथगार्ड आणि मानेचं कवच यात तडजोड नाही. आयआयएचएफने मानेचं कवच आता आपल्या सगळ्या स्पर्धांत सक्तीचं केलं आहे. ब्लेडला निघण्याच्या आदल्या आठवड्यात धार लावा आणि त्या धारेवर निदान एक सराव होऊ द्या; सामन्याच्या सकाळी लावलेल्या नव्या धारेवर मूल अडखळतं. सराव झाल्यावर प्लास्टिकचं कव्हर चढवून स्केट बॅगेत टाकू नका. ब्लेड पुसून कापडी कव्हर घाला, नाहीतर वाशी-नेरूळच्या खाऱ्या हवेत गंज चढतो. पॅड दर वेळी बाहेर काढून पंख्याखाली वाळवा. भरलेली बॅग पंधरा किलोच्या आसपास जाते, गोलीची वीसच्या वर. स्टिक केबिनमध्ये नेता येत नाहीत. संघाच्या सगळ्या स्टिक दोन-तीन लांब पिशव्यांत एकत्र बांधून, तिकीट काढतानाच त्यांची नोंद विमान कंपनीकडे करून ठेवा, आणि प्रत्येक पिशवीत प्रत्येक मुलाची एक-एक स्टिक जाईल अशी वाटणी करा. एक पिशवी मागे राहिली तरी पहिल्या सामन्याला सगळ्यांच्या हातात स्वतःची स्टिक असेल.